ज्वालामुखीच्या घेरावरून सायकल

रत्नागिरीहून जयगडकडे किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल चालवणाऱ्याला एक कोडे पडतेच. निघालो ते समुद्रसपाटीवरून, पोहोचायचे तेही समुद्रसपाटीवर, मग संध्याकाळी मांड्या एवढ्या भरून का येतात? उत्तर वाटेतच सापडते. रस्ता खाडीपाशी उतरतो, पूल ओलांडतो, चढून सड्यावर जातो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा उतरतो. नकाशावर आडवी दिसणारी रेघ प्रत्यक्षात करवती असते.

हेच कोडे कितीतरी मोठ्या मापात पाहायचे असेल तर हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर जावे. मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशसच्या नैऋत्येला असलेले हे बेट १९४६ पासून फ्रान्सचा एक जिल्हा आहे. लांबी जेमतेम ६३ किलोमीटर, रुंदी ४५ किलोमीटर. एवढ्याशा जागेत पितों दे नेज हे शिखर समुद्रातून ३,०७१ मीटरपर्यंत उठते. हिंदी महासागरातल्या कोणत्याही बेटावर याहून उंच शिखर नाही. बेटाला फेरी मारणारा रस्ता साधारण दोनशे किलोमीटरचा आहे आणि लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना तो खुणावत असतो. एका हाताला निळा समुद्र, दुसऱ्या हाताला ढगांत शिरलेला डोंगर.

या बेटावर किती दम लागेल, हे शिखराच्या उंचीवरून कळत नाही. ते कळते डोंगराच्या घडणीवरून. ज्वालामुखी कसा वाढला, पावसाने तो कसा चिरला आणि वारा कुठून येतो, या तीन गोष्टी समजल्या की रस्त्याचा चढउतार, निघायची वेळ आणि फेरीची दिशाही आधीच ठरवता येते. म्हणून सायकलवर बसण्याआधी हा डोंगर वाचायला शिकू.

सह्याद्रीचा धाकटा भाऊ

रियुनियन मुंबईपासून सुमारे ४,८०० किलोमीटर दूर आहे, तरी त्याचे आपल्या मातीशी नाते सख्खे आहे. भूवैज्ञानिकांच्या सर्वाधिक मान्य मांडणीनुसार पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी अतितप्त खडकाचा झोत खोलवरून वर येत राहतो. अशा जागेला ‘हॉटस्पॉट’ म्हणतात. झोत साधारण एका जागी असतो आणि त्याच्या वरून भूपृष्ठाचे तुकडे, म्हणजे भूपट्ट, सावकाश सरकत राहतात.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या झोतावर भारत होता. तेव्हा बाहेर पडलेल्या लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या काळ्या कातळाच्या आडव्या पायऱ्या म्हणजे तेच थर. पुढे भारत उत्तरेकडे सरकत गेला. झोत मात्र पेटताच राहिला. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ज्या समुद्राखालच्या डोंगररांगेवर उभे आहेत ती रांग, त्यानंतर मॉरिशस आणि सगळ्यांत शेवटी रियुनियन असा त्याचा माग समुद्रात उमटलेला आहे.

रियुनियनवर दोन ज्वालामुखी आहेत. वायव्येकडचा पितों दे नेज थोरला. तो हजारो वर्षांपासून शांत आहे. आग्नेयेकडचा पितों द ला फुर्नेज धाकटा, २,६३२ मीटर उंच, आणि जगातल्या सर्वाधिक जागत्या ज्वालामुखींपैकी एक. दोघांचा कातळ बेसाल्टचाच, आपल्या ओळखीचा. बेसाल्टचा लाव्हा पातळ असतो, तो दूरवर वाहत जातो. त्यामुळे असा ज्वालामुखी सुळक्यासारखा उभा न राहता रुंद, पसरट उताराचा होतो. सायकलस्वाराच्या दृष्टीने पहिली महत्त्वाची गोष्ट हीच: चढ भिंतीसारखा उभा नसतो, पण तो समुद्रापासून सुरू होतो आणि संपता संपत नाही.

परकराचा घेर

आता किनाऱ्याच्या रस्त्याचे कोडे सोडवू. एखादी मुलगी परकर पसरून जमिनीवर बसली आहे अशी कल्पना करा. कमरेपासून निघालेल्या चुण्या चारी बाजूंना घेराकडे जातात. आता एक मुंगी घेराच्या काठाने चालू लागली, तर तिला प्रत्येक चुणी चढावी आणि उतरावी लागेल. दुसरी मुंगी एखाद्या चुणीच्या माथ्यावरून कमरेकडे निघाली, तर तिला सतत चढ लागेल, पण मध्ये उतार येणार नाही.

ज्वालामुखीच्या बेटाची रचना अशीच असते. पाऊस मध्यावरच्या उंच भागात सर्वाधिक पडतो आणि चहूकडे समुद्राकडे धावतो. लाव्हाच्या उतारावर तो घळी कोरतो. हजारो वर्षांत त्या घळींच्या खोल दऱ्या होतात, आणि दोन दऱ्यांच्या मध्ये मूळ उताराचा पट्टा शिल्लक राहतो. किनाऱ्याचा रस्ता ही घेरावरची मुंगी आहे: दरीत उतरा, ओढा ओलांडा, पलीकडे चढा. एकेक दरी लहान असते, पण त्यांची बेरीज दिवसाअखेर पायांत उतरते.

यातून एक उपयोगी नियम हाती लागतो. ज्वालामुखी जितका जुना, तितक्या दऱ्या खोल. थोरल्या पितों दे नेजच्या बाजूला रस्ता अधिक दमवतो. राजधानी सें-दनीपासून पश्चिमेला ला पोसेसियोंकडे जाताना तर डोंगर सरळ समुद्रात तुटलेला आहे. कड्याच्या पायथ्याचा मोठा रस्ता गाड्यांनी वाहता असतो, म्हणून सायकलस्वार ला मोंतान्य नावाच्या वस्तीवरून जाणारा जुना घाटरस्ता धरतात. याउलट धाकट्याच्या पायथ्याशी, जिथे ताज्या लाव्हाने घळी पुन्हापुन्हा भरून काढल्या आहेत, तिथे किनाऱ्याचा रस्ता बराच सलग आहे.

पश्चिमेकडे २००९ साली खुला झालेला ‘रूत दे तामारें’ हा द्रुतगती मार्ग उंच पुलांवरून दऱ्या ओलांडत जातो. तो गाड्यांसाठी बांधलेला आहे, सायकलींसाठी नाही. सायकलस्वारांनी खालचा किनाऱ्याचा जुना रस्ता घ्यावा. समुद्र खरा तिथूनच दिसतो.

चुणीच्या माथ्यावरून: मायदोचा चढ

दुसऱ्या मुंगीची वाट पाहायची असेल तर पश्चिम किनाऱ्यावरच्या सें-पोलहून मायदोला जाणारा रस्ता धरावा. मायदो हे साधारण २,२०० मीटरवरचे कड्याचे टोक आहे. समोर माफातची प्रचंड खोल दरी उघडते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा साडेपाचशे मीटर उंच जागी हा डांबरी रस्ता संपतो. बोरघाट चढून लोणावळ्याला आपण सुमारे ६२० मीटरवर पोहोचतो. मायदो त्याच्या साडेतीनपट उंच आहे, आणि सुरुवात अगदी समुद्रापासून.

चढ मोजायची पद्धत सोपी आहे. १०० मीटर पुढे गेल्यावर जितके मीटर वर गेलो, तितके टक्के चढ. मायदोपासून पश्चिम किनारा सरळ रेषेत साधारण १५ किलोमीटरवर आहे. १५ किलोमीटरमध्ये २,२०० मीटर म्हणजे जवळपास १५ टक्के. असा रस्ता सामान घेतलेल्या सायकलस्वाराला झेपणार नाही. म्हणून रस्ता बांधणारे वळणे घालून लांबी वाढवतात. लांबी दुप्पट झाली की चढ निम्मा होतो. वळणांचा घाट पाहून नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो, पण प्रत्येक वळण पायांवरचा भार कमी करण्यासाठीच घातलेले असते. भीती वाटावी ती सरळ वर जाणाऱ्या छोट्या गावरस्त्याची. ऊसमळ्यांतून आणि वाड्यावस्त्यांतून जाणारे असे रस्ते नकाशावर जवळचे दिसतात, आणि तिथेच चढ १५ टक्क्यांच्या पुढे जातो.

वर जाताना झाडोराही बदलत जातो. खाली ऊस, मग सुगंधी तेलासाठी लावलेले जिरॅनियम, त्यावर ‘तामारें दे ओ’ या फक्त याच बेटावर उगवणाऱ्या बाभूळकुळातल्या वाकड्यातिकड्या झाडांचे रान, आणि अगदी वर खुरटी झुडपे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. किनाऱ्यावर २५ अंश असतील तर मायदोला ११ च्या आसपास. हवेचा दाबही पाऊणपटीवर येतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू जवळपास पाव हिस्सा कमी मिळतो. शेवटच्या टप्प्यात पाय जड होतात त्याचे एक कारण हे आहे. तिथे वेग थोडा कमी करणेच शहाणपणाचे.

दात्यांचे गणित

चढावर सायकल नेणे म्हणजे वजन उचलणे. सायकलस्वार ७० किलो, सायकल १५ किलो, सामान १५ किलो, असे एकूण १०० किलो धरू. हे वजन २,००० मीटर उचलायला लागणारी ऊर्जा वेग वाढवून वा कमी करून बदलत नाही. बदलते ती फक्त दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा. तिलाच शक्ती म्हणतात आणि ती वॅटमध्ये मोजतात.

सराव असलेला हौशी सायकलस्वार काही तास सलग १५० वॅट देऊ शकतो असे समजू. आठ टक्के चढावर या शक्तीत वेग मिळतो ताशी सुमारे साडेसहा किलोमीटर. म्हणजे तासाला साधारण पाचशे मीटर उंची, आणि २,००० मीटरसाठी चार तास. विश्रांतीचा वेळ वेगळा.

आता गिअरकडे पाहू. ताशी साडेसहा किलोमीटर वेगात नेहमीच्या मापाचे चाक मिनिटाला पन्नासएक वेळा फिरते. पायांना मात्र मिनिटाला ७० च्या आसपास फेरे मानवतात. त्याहून खूप कमी फेरे असतील तर प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त लागतो आणि गुडघे दुखू लागतात. म्हणजे पॅडलचे ७० फेरे झाले तरी चाकाचे ५० च व्हायला हवेत. हे जमते कधी? पुढच्या चकतीला मागच्या चकतीपेक्षा कमी दाते असतील तेव्हा. पुढे २६ आणि मागे ३६ असतील तर पॅडलच्या एका फेऱ्याला चाक पाऊण फेऱ्याहून थोडे कमी फिरते. हिशेब जुळला.

शर्यतीच्या सायकलला पुढची लहान चकती बहुधा ३४ दात्यांची असते. मागे २८ धरले तर याच चढावर पाय मिनिटाला चाळीसेकच फेरे मारू शकतात. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना ‘ग्रॅनी गिअर’, म्हणजे सर्वांत हलका गिअर, एवढा प्रिय का असतो ते यावरून कळेल. तो कमकुवत माणसाचा आधार आहे हा समज सोडून द्यावा. ज्वालामुखीच्या बेटावर जाताना खर्च करायचाच असेल तर तो आधी या चकत्यांवर करावा.

उरला प्रश्न पोटाचा. आपले स्नायू खाल्लेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पॅडलपर्यंत पोहोचवतात, बाकीची उष्णता होऊन जाते. १०० किलो वजन २,००० मीटर चढवायला त्यामुळे सुमारे १,९०० ते २,००० किलोकॅलरी लागतात. शरीरात स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जवळपास एवढीच असते. चढ संपेपर्यंत साठा तळाला जाऊ द्यायचा नसेल तर भूक लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या-पाऊण तासाने काहीतरी खाल्ले पाहिजे. रियुनियनवर ते अवघड नाही. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर राबायला आणि नंतर व्यापारासाठी भारतातून माणसे इथे आली, त्यांच्याबरोबर पदार्थही आले. रस्त्याकडेच्या टपरीवर मिळणारा छोटा, गरम ‘सामुसा’ आपल्याला लगेच ओळखू येतो.

डोंगराच्या पोटात: सिलाओस

पितों दे नेजच्या भोवती तीन प्रचंड खोलगट दऱ्या आहेत: सिलाओस, सालाझी आणि माफात. फ्रेंचमध्ये अशा दरीला ‘सर्क’ म्हणतात. ही ज्वालामुखीची मुखे नव्हेत. डोंगराचे भाग आतल्या आत खचले, कडे ढासळले आणि नद्यांनी ती माती-दगड समुद्रात वाहून नेली, तेव्हा या दऱ्या मोकळ्या झाल्या. त्यांचे कडे शेकडो मीटर उभे आहेत. हे सुळके, सर्क आणि कडे मिळून २०१० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. माफातमध्ये आजही रस्ता नाही, तिथल्या वाड्यांना पायी किंवा हेलिकॉप्टरने जावे लागते.

सिलाओसला मात्र सें-लुईहून रस्ता जातो आणि तो ‘चारशे वळणांचा रस्ता’ म्हणून प्रसिद्ध आहे. साधारण ३७ किलोमीटर अंतर, गाव सुमारे १,२०० मीटरवर. भागाकार केला तर सरासरी चढ तीन-सव्वातीन टक्के येतो, म्हणजे सोपा वाटतो. इथेच सरासरी फसवते. रस्ता नदीच्या अरुंद घळीतून आत शिरतो. सुरुवातीचा बराच भाग नदीच्या सोबतीने जातो आणि चढाचा मोठा वाटा वरच्या अर्ध्या भागात साठून येतो. ताकद शेवटच्या तासांसाठी राखून ठेवणाराच इथे हसतमुखाने पोहोचतो.

दोन सावधगिऱ्या हव्यात. वाटेतले काही बोगदे इतके अरुंद आहेत की एका वेळी एकच गाडी जाते, त्यामुळे पुढेमागे लख्ख दिवा हवाच. दुसरी गोष्ट, मोठ्या पावसानंतर कड्यांवरून दगड सुटतात आणि रस्ता बंद ठेवला जातो. अशा वेळी थांबावे. ज्या प्रक्रियेने ही दरी घडवली ती अजून चालूच आहे. वर पोहोचल्यावर सिलाओसची मसूर खायला विसरू नये. या दरीतल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत ती पिकते आणि बेटभर तिचे नाव आहे.

वारा, पाऊस आणि घड्याळ

रियुनियनवर वर्षाचा बहुतेक काळ आग्नेयेकडून वारा वाहतो. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना वर्षभर नियमित वाहणाऱ्या या वाऱ्यांना व्यापारी वारे म्हणतात. समुद्रावरून बाष्प घेऊन आलेला वारा पूर्वेच्या उतारावर आदळतो, वर चढतो, थंड होतो आणि पाऊस पाडतो. पलीकडे उतरेपर्यंत तो कोरडा झालेला असतो. कोकणात धो धो आणि घाट ओलांडून देशावर आलो की उघडीप, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. नियम तोच, फक्त इथे ओली बाजू पूर्वेची आहे. पूर्व उतारावर काही ठिकाणी वर्षाला दहा मीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पश्चिम किनारा उन्हात वाळत असतो.

चक्रीवादळ आले की आकडे थक्क करतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस आपण विसरलेलो नाही. रियुनियनच्या फॉक-फॉक इथे जानेवारी १९६६ मध्ये २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला, जवळपास दुप्पट. २४ तासांतल्या पावसाचा हा जागतिक उच्चांक आहे. २००७ मध्ये गामेद चक्रीवादळात कोमेर्सों विवराजवळ ७२ तासांत सुमारे ३,९३० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. परकराच्या चुण्या इतक्या खोल का, याचे उत्तर या आकड्यांत आहे. म्हणून डिसेंबर ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ टाळावा आणि मे ते नोव्हेंबर हा कोरडा, थंड काळ निवडावा. बेट दक्षिण गोलार्धात असल्याने जुलै-ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा असतो.

वाऱ्यावरून फेरीची दिशाही ठरते. घड्याळाच्या उलट दिशेने निघालो असे समजा. पश्चिम किनाऱ्यावरून दक्षिणेकडे जाताना डोंगर वारा अडवतो. दक्षिण किनाऱ्यावर सें-पिएरहून सें-फिलिपकडे पूर्वेला वळले की वारा समोरून येतो, तेवढा टप्पा जोर काढावा लागतो. पुढे पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे आणि उत्तर किनाऱ्याने पश्चिमेकडे जाताना तोच वारा पाठीशी उभा राहतो. घड्याळाच्या दिशेने गेलो तर हेच दोन लांब टप्पे वाऱ्याच्या तोंडावर येतात. शिवाय इथली वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे उलट दिशेने फिरणाऱ्याच्या उजव्या हाताला, अगदी लगत, सतत समुद्र राहतो. वारा आणि देखावा, दोन्ही एकाच बाजूला कौल देतात.

निघायची वेळ ढग ठरवतात. सकाळी डोंगर स्वच्छ असतो. ऊन वाढले की उतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा वर सरकते, थंड होते आणि सकाळ सरायच्या आत उतारावर ढगांचा पट्टा धरू लागतो. दुपारी मायदोच्या कड्यावर समोर माफातऐवजी पांढरा पडदा मिळण्याची शक्यता मोठी. पण चढायला चार-साडेचार तास लागणार हे आपण आधीच काढले आहे. मग पहाटे अंधारात निघा, किंवा आदल्या दिवशी चढावरच्या एखाद्या गावात मुक्काम करा आणि उरलेला चढ सकाळच्या उजेडात संपवा. सामान असलेल्याला दुसरा मार्ग अधिक सुखाचा.

उतरताना खरी परीक्षा

चार तास घाम गाळून साठवलेली ऊर्जा उतरताना परत मिळते. १०० किलो वजन २,००० मीटर खाली येते तेव्हा अर्ध्या युनिट विजेपेक्षा थोडी जास्त ऊर्जा मोकळी होते. ती जाते दोन ठिकाणी: काही हवेला बाजूला सारण्यात, बाकीची ब्रेकमध्ये उष्णता म्हणून.

हवेचा विरोध वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो. आठ टक्के उतारावर आपल्या १०० किलोच्या सायकलला ब्रेक लावलाच नाही तर ताशी ५० किलोमीटरच्या आसपास हवाच सगळी ऊर्जा शोषून घेते आणि वेग स्थिरावतो. अगदी हळू उतरलो तर दर सेकंदाला मोकळी होणारी ऊर्जाच कमी असते, ब्रेक गरम होतात पण सोसतात. सगळ्यात वाईट तो मधला वेग. ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग राखण्यासाठी ब्रेक सतत दाबून धरला तर त्यात सुमारे ४०० वॅट उष्णता ओतली जाते.

रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रिम तापते, आतली हवा प्रसरण पावते आणि ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेकमध्ये पॅडची पकड सुटत जाते आणि तेलावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये तेल उकळण्याचा धोका असतो. म्हणून रीत अशी: पुढचा रस्ता स्पष्ट दिसतो अशा सरळ भागात ब्रेक सोडून हवेला काम करू द्यावे, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट लावून वेग उतरवावा, वळणात पुन्हा सोडावे. दर काही किलोमीटरवर थांबून ब्रेक निवू द्यावेत. आणि घामेजल्या अंगावर वाऱ्याला अडवणारे जाकीट चढवल्याशिवाय मायदोवरून निघू नये. बोटे गारठली तर ब्रेक दाबणार कशी?

रस्त्यावर आलेला लाव्हा

आग्नेय किनाऱ्यावर सें-फिलिप आणि सेंत-रोज यांच्या मधला भाग ‘ग्रां ब्रुले’, म्हणजे मोठा जळका प्रदेश. धाकट्या ज्वालामुखीचा लाव्हा अनेकदा इथून समुद्राकडे उतरतो आणि वाटेत रस्ता गिळतो. लाव्हा निवला की नवा रस्ता त्याच्याच पाठीवरून काढला जातो. रस्त्याकडेला प्रवाहांच्या सालांच्या पाट्या आहेत, आणि त्या एकामागून एक वाचत सायकलवरून जाणे हा भूगोलाचा विलक्षण तास आहे.

पाटी नसली तरी लाव्हाचे वय रंगावरून ताडता येते. अगदी ताजा कातळ काळा कुळकुळीत. काही वर्षांत त्यावर राखाडी दगडफूल धरते. मग भेगांतून नेचे डोकावतात, नंतर झुडपे आणि शेवटी रान. पूर्वेचा पाऊस ही वाढ वेगाने घडवतो. एप्रिल २००७ चा उद्रेक इतका मोठा होता की लाव्हा रस्ता ओलांडून समुद्रात शिरला, बेटाला नवी जमीन मिळाली आणि वरच्या मुख्य विवराचा तळ तीनशे मीटरहून अधिक खचला. त्या जाड थराच्या पोटातली उष्णता पुढे कित्येक वर्षे टिकली, आणि पाऊस पडला की कातळातून वाफ निघे.

थोडे उत्तरेला पितों-सेंत-रोजमध्ये १९७७ चा लाव्हा गावात शिरला आणि चर्चच्या दारापाशी थबकून दोन्ही अंगांनी पुढे गेला. चर्च आजही उभे आहे. त्या उद्रेकानंतर १९७९ मध्ये ज्वालामुखीवर कायम लक्ष ठेवणारी वेधशाळा सुरू झाली. उद्रेकाच्या सूचना आणि रस्ते बंद झाल्याच्या बातम्या पाहूनच या बाजूला निघावे.

ज्वालामुखीच्या अगदी जवळ जायचे असेल तर आतल्या बाजूने बूर-म्युराहून पा द बेलकोंबपर्यंत, २,३११ मीटरवर, रस्ता जातो. शेवटी ‘प्लेन दे साब्ल’ हे तांबूस-काळ्या राखखडीचे उघडे मैदान लागते. तिथला रस्ता कच्चा आणि लाटालाटांचा आहे, म्हणून रुंद टायर घ्यावेत आणि हवा थोडी कमी ठेवावी.

चौकट: निघण्यापूर्वी

• दिशा: घड्याळाच्या उलट. लांब टप्प्यांत वारा पाठीशी, समुद्र उजव्या हाताला.
• हंगाम: मे ते नोव्हेंबर. डिसेंबर ते मार्च चक्रीवादळांचा काळ.
• वेळ: उंचीवर सकाळीच पोहोचा. सकाळ सरता सरता ढग चढतात.
• गिअर: पुढच्या लहान चकतीचे दाते मागच्या मोठ्या चकतीपेक्षा कमी हवेत.
• हिशेब: सामानासह तासाला साधारण पाचशे मीटर चढ. किलोमीटरपेक्षा चढाचे मीटर मोजा.
• खाणे: दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडे थोडे.
• ब्रेक: सतत दाबून धरू नका. वळणाआधी लावा, सरळ रस्त्यावर सोडा, थांबून निवू द्या.
• कपडे: चढताना घाम, उतरताना बोचरा वारा. जाकीट आणि हातमोजे हाताशी.
• दिवे: बोगद्यांसाठी पुढेमागे लख्ख.

हाच नियम दुसऱ्या बेटावर

एखादा नियम खरा आहे की नाही, हे दुसरीकडे लावून पाहिले की कळते. अटलांटिकमधल्या तेनेरिफवर तैदे हा ३,७१५ मीटरचा ज्वालामुखी आहे. तिथे व्यापारी वारे ईशान्येकडून येतात, म्हणून हिरवी, ढगाळ बाजू उत्तरेची आणि वाळलेली दक्षिणेची. ईशान्य टोकाचा अनागा हा जुना डोंगर दऱ्यांनी चिरून गेलेला आहे आणि तिथले रस्ते तसेच वळवळत चढतात-उतरतात. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर चित्र उलटे आहे. मध्ये १,९४७ मीटरचा हाल्लासान उभा आहे, तरी किनाऱ्याने जाणारा २३४ किलोमीटरचा सायकलमार्ग बराचसा सोपा आहे. कारण तिथला लाव्हा सच्छिद्र आहे. पाणी जमिनीत मुरते, ओढे बहुतेक काळ कोरडे असतात, त्यामुळे खोल दऱ्या फारशा कोरल्याच गेल्या नाहीत. परकराला चुण्या कमी, म्हणून घेरावरची वाट सोपी.

तेव्हा कोणत्याही डोंगराळ बेटाचा नकाशा समोर आला की शिखराच्या उंचीआधी चार प्रश्न विचारावेत. डोंगर किती जुना आहे? पाणी वरून वाहते की आत मुरते? वारा कोणत्या दिशेने येतो? आणि माझा रस्ता चुण्या ओलांडतो, की एका चुणीवरून वर जातो? या चार उत्तरांत दिवसभराचा घाम, मुक्कामाची गावे आणि सायकलच्या चकत्या ठरतात. चालकाला गाडीचे इंजिन वाहून नेते, म्हणून डोंगराची घडण त्याच्या लक्षात येत नाही. सायकलस्वाराला प्रत्येक मीटर स्वतः उचलावा लागतो, आणि त्यामुळेच भूगोल त्याला इतक्या जवळून कळतो.